विद्यापीठातील ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न नाशिकमधील एका विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातील प्राध्यापकांचा आहे. यंदा त्यांच्या समितीकडे एका सहायक ग्रंथपालांचे आणि एका अभिलेखपालांचे, म्हणजे विद्यापीठाचे जुने कागदपत्र सांभाळणाऱ्यांचे, वार्षिक मूल्यमापन आले आहे. आजवर दोघांनाही अध्यापकांचाच नमुना भरायला दिला जात असे, त्यातले निम्मे रकाने कोरे राहत आणि शेवटी ‘काम समाधानकारक’ एवढाच शेरा पडे. आता हे काम नीट करायचे तर कोणते आकडे मागावेत, ते कोणी तपासावेत, आणि दोघांना एकच नमुना चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

एकच नमुना चालणार नाही, आणि केवळ आकडे मागवून भागणारही नाही. वर्षाचे आकडे ग्रंथालयाची किंवा अभिलेखागाराची स्थिती सांगतात. तिथल्या माणसाचे काम कसे झाले हे त्याने वर्षभरात काय निवडले, काय नाकारले, कोणत्या क्रमाने हाती घेतले आणि त्याची नोंद कशी ठेवली यावरून कळते. ग्रंथालयाच्या कामगिरीच्या निर्देशकांसाठी आयएसओ ११६२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण तेही ग्रंथालय मोजण्यासाठी आहे, ग्रंथपाल मोजण्यासाठी नाही. आपल्याकडे संस्थेचा अहवाल आणि व्यक्तीचा अहवाल यांची सरमिसळ होते, आणि मग ज्याच्या ग्रंथालयाला अनुदान जास्त तो कामाचा आणि ज्याच्याकडे कमी तो कामचुकार, असे चित्र कागदावर उभे राहते. नोकरीच्या काळात आणि नंतर मूल्यमापन समित्यांवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसताना मी हे वारंवार पाहिले आहे.

नियमांचा भाग आधी पाहू, कारण तो टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या विनियमांत ग्रंथपालांसाठी स्वतंत्र तक्ता आहे, त्यामुळे सहायक ग्रंथपालांना अध्यापकांचा नमुना देणे मुळातच चूक आहे. या तक्त्यात उपस्थिती, चर्चासत्रे व कार्यशाळा, तालिकेचे (ग्रंथसूचीचे) संगणकीकरण, ग्रंथपडताळणी (नोंदीतली पुस्तके जागेवर आहेत का ते पाहणे) व गहाळ पुस्तके, आणि शेवटी ग्रंथालय जाळ्याचा प्रसार, वाचकांसाठी लघु अभ्यासक्रम, शोधनिबंध, प्रशासकीय मदत अशा कामांचा एक गट, असे पाच मुद्दे आहेत. उपस्थिती ९० टक्के किंवा अधिक असेल तर ‘चांगले’, ८० टक्के किंवा अधिक पण ९० हून कमी असेल तर ‘समाधानकारक’. एकूण प्रतवारीसाठी उपस्थितीचा मुद्दा अनिवार्य आहे, आणि त्याशिवाय ज्या दोन मुद्द्यांत पात्र ठरावे लागते त्यांतला एक पडताळणीचा असलाच पाहिजे. म्हणजे नियमित येणारा, पुस्तके मोजणारा आणि आणखी एक अट पुरी करणारा ग्रंथपाल ‘चांगले’ या प्रतवारीत बसतो. पदोन्नतीसाठी किमान पात्रता ठरवायला हा तक्ता पुरेसा आहे. वाचकाला मिळालेली मदत चांगली होती की जेमतेम, हे तो विचारतच नाही, म्हणून तो भरून झाल्यावर मूल्यमापन संपले असे समजू नये.

गहाळ पुस्तकांच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण सर्वाधिक अन्याय इथेच होतो. पडताळणी केली आणि गहाळ पुस्तके ०.५ टक्क्यांहून कमी निघाली तर ‘चांगले’, १ टक्क्याहून कमी निघाली तर ‘समाधानकारक’. व्यवहारात ही टक्केवारी एकूण ग्रंथसंग्रहावर काढली जाते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांची दृष्टी वेगळी आहे: वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी काढलेल्या दर १००० ग्रंथांमागे ५ ग्रंथ गहाळ होणे तिथे वाजवी मानले आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि १००० रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक हरवले तर चौकशी झालीच पाहिजे. समजा, दोन ग्रंथालयांत प्रत्येकी ६०,००० ग्रंथ आहेत. पहिल्यात कपाटांना कुलपे आहेत, वर्षात २,००० पुस्तके बाहेर पडली आणि १०० हरवली. दुसऱ्यात कपाटे खुली आहेत, ५०,००० वेळा पुस्तके वापरली गेली आणि २४० हरवली. आयोगाच्या तक्त्याप्रमाणे दोघेही ‘चांगले’, आणि त्यातही पहिल्याची टक्केवारी सरस. वापराच्या हिशेबाने मात्र पहिल्याला वाजवी मर्यादा १० पुस्तकांची होती आणि हरवली १००. दुसऱ्याची मर्यादा २५० होती आणि हरवली २४०. पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाला शिक्षा होऊ नये म्हणून आपल्या अहवालात गहाळ पुस्तकांच्या आकड्याशेजारी वापराचा आकडा लिहावाच.

पडताळणी झाली असे कागदावर दिसते, तेवढ्यावर समितीने विसंबू नये. तिने स्वतः तासभर देवघेव विभागात घालवावा. कपाटांतून वाटेल तशी वीस-पंचवीस पुस्तके काढून त्यांचे दाखल क्रमांक (पुस्तक संग्रहात आले तेव्हा दिलेले क्रमांक) संगणकातील नोंदींशी ताडून पाहावेत, आणि मग उलट दिशेने दाखल नोंदवहीतून तितकेच क्रमांक घेऊन ती पुस्तके कपाटात सापडतात का ते पाहावे. पहिल्या फेरीत तालिकेच्या चुका दिसतात, दुसरीत संग्रहातली गळती. दोन्ही फेऱ्या हव्यात. ५०,००० हून अधिक ग्रंथ असतील तर वर उल्लेखिलेल्या वित्तीय नियमांनुसारही जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने नमुना पडताळणी पुरते, हेही लक्षात ठेवावे. दोन माणसांच्या बळावर दरवर्षी संपूर्ण पडताळणी मागितली की ती फक्त सहीपुरती होते.

आता वाचकसंख्येकडे येतो. प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीतील सह्यांची बेरीज हा समित्यांचा आवडता आकडा आहे, आणि नाशिकमध्ये तो विशेष फसवा आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी गडचिरोलीत किंवा सिंधुदुर्गात बसून अभ्यास करतो. गंगापूर धरणाच्या परिसरातील ग्रंथालयाची पायरी तो कदाचित कधीच चढणार नाही. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देते, त्यामुळे म्हसरूळच्या आवारात रोज किती जण आले यावरून तिथल्या ग्रंथपालांच्या कामाची कल्पना येत नाही. अशा ठिकाणी दूरच्या विद्यार्थ्याच्या विनंतीला किती वेळात उत्तर मिळाले, घरून ई-ग्रंथ उघडताना अडचण आली तर ती कोणी सोडवली, अभ्यासकेंद्रांवरच्या माणसांना प्रशिक्षण कोणी दिले आणि त्यानंतर तक्रारी कमी झाल्या का, हे विचारायला हवे.

ई-नियतकालिकांच्या बाबतीतही आकडा कोणाच्या खात्यावर जातो ते पाहावे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना केंद्रीय पातळीवरून मिळू लागली. त्यामुळे उपलब्ध नियतकालिकांची संख्या वाढली हे ग्रंथपालांचे श्रेय नाही, आणि वर्गणीवरचा खर्च कमी झाला हे त्यांचे अपयश नाही. त्यांच्या हाती उरलेला निर्णय असा की मोकळे झालेले पैसे कुठे वळवले: योजनेबाहेरच्या मराठी संशोधनपर नियतकालिकांकडे, संदर्भग्रंथांकडे, की वर्षअखेरीस अनुदान परत जाऊ नये म्हणून मिळेल ती पुस्तके एकगठ्ठा घेतली गेली. खरेदीची यादी आणि त्यामागची टिपणे मागवा, माणूस कळतो.

पण ग्रंथपालाची खरी पारख वाचकाच्या प्रश्नावर होते. एक नमुना देतो. आयुर्वेदाची पदव्युत्तर विद्यार्थिनी येते आणि म्हणते, आमवातावरचे लेख हवेत. सरधोपट मदत म्हणजे तो एक शब्द शोधपेटीत टाकून जे येईल त्याची छापील यादी हाती देणे. जाणता ग्रंथपाल आधी बसवून विचारतो की लेख संशोधन आराखड्यासाठी हवेत की प्रबंधातल्या पूर्वसाहित्याच्या प्रकरणासाठी, कोणत्या औषधावर काम आहे, फक्त रुग्णांवरच्या चाचण्या हव्यात का, किती वर्षांतले हवे. औषध गुग्गुळ आहे असे कळल्यावर तो पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीत संधिवाताच्या संबंधित प्रकारचे प्रमाण विषयशीर्षक (त्या विषयासाठी तिथे ठरवून दिलेला शब्द) घेतो, त्याला गुग्गुळाच्या रोमन लिपीतल्या निरनिराळ्या स्पेलिंगांची जोड देतो आणि कॉमिफोरा मुकुल हे जुने व कॉमिफोरा वायटाय हे नवे अशी दोन्ही शास्त्रीय नावे घालतो, कारण एकच नाव घातले तर अर्धे साहित्य निसटते. मग आयुष संशोधन पोर्टलवर वेगळा शोध घेतो, आणि शेवटी कोणते शब्द कोणत्या क्रमाने वापरले ते लिहून विद्यार्थिनीला देतो, म्हणजे पुढच्या वेळी ती स्वतः शोधू शकेल. देवघेवीच्या आकड्यांत या पाऊण तासाची नोंद शून्य आहे. म्हणून सहायक ग्रंथपालांकडून वर्षातल्या अशा दोन-तीन शोधांची टिपणे मागवावीत, जोडीला संग्रहात काय घेतले आणि काय बाद केले याचे एकेक कारणासह उदाहरण घ्यावे, आणि शक्य असेल तर त्यांचे एक वाचक-प्रशिक्षण समितीतील कोणी तरी मागच्या बाकावर बसून ऐकावे. चर्चासत्रे आणि शोधनिबंध यांच्याबद्दल तक्ता सांगतो तेवढे पुरे. त्यांना त्याहून अधिक वजन देण्याचे कारण मला दिसत नाही.

अभिलेखपालांचा विषय अधिक अवघड आहे आणि त्याला अधिक वेळ द्यायला हवा. आयोगाच्या विनियमांत त्यांच्यासाठी तक्ताच नाही. परिणामी त्यांना कधी ग्रंथपालांचा, कधी कार्यालय अधीक्षकांचा नमुना मिळतो, आणि मग ‘स्कॅन केलेली पाने’ हा एकमेव मोजता येणारा रकाना सगळ्यांच्या नजरेत भरतो. त्या रकान्यामागे लागलेले अभिलेखागार मी पाहिले आहे: हजारो प्रतिमा, फाइलींना स्कॅनरने दिलेले क्रमांक, आणि कोणत्या प्रतिमेत काय आहे हे सांगणारी एकही ओळ नाही. असे अंकीकरण संशोधकाच्या काहीही उपयोगाचे नसते, आणि पुढच्या माणसाला ते पहिल्यापासून करावे लागते.

एखाद्या कुटुंबाने विद्यापीठाला पत्र्याची एक ट्रंक दिली असे धरू. वर सोसायटीच्या पावत्या, खाली मोडीतल्या जमाखर्चाचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), मधे वर्तमानपत्रांची कात्रणे आणि गंजलेल्या टाचण्यांनी एकत्र टोचलेली पत्रे. ट्रंक ऐन श्रावणात आली आहे. उत्तम अभिलेखपाल ती थेट दालनात नेत नाही. वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवून कसर किंवा वाळवी आहे का ते आधी पाहतो. नंतर काहीही न हलवता वरून छायाचित्रे घेतो, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहितीच आहे. पावत्यांमधे खोचलेले पत्र तारखेप्रमाणे लावायच्या उत्साहात पत्रांच्या ढिगात गेले की ते तिथे का ठेवले होते हे पुन्हा कधीच कळत नाही. टाचण्या एकेक करून काढतो, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावत नाही, देणगीचे पत्र आणि त्यातल्या अटी नोंदवतो, आणि मगच वर्णनाला हात घालतो. यात काही आठवडे जातात आणि स्कॅनच्या रकान्यात एकही पान जमा होत नाही. शेजारच्या खोलीत दुसऱ्या कर्मचाऱ्याने त्याच काळात कुलसचिव कार्यालयाच्या टंकलिखित नस्त्या (फाइली) लावून संपवल्या असतील. या दोघांची पानांच्या संख्येवरून तुलना करणे अर्थहीन आहे.

मग तपासायचे काय? पहिली गोष्ट शोधसूची, म्हणजे कोणत्या नस्तीत काय आहे हे सांगणारी यादी. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या वर्णन-मानकात २६ घटक आहेत, त्यांतले सहा अत्यावश्यक मानले आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, कालावधी, परिमाण आणि वर्णनाची पातळी. वर्षात तयार झालेल्या कोणत्याही सूचीत हे सहा आहेत का ते पाहायला विषयतज्ज्ञ लागत नाही. त्यापुढची परीक्षा मी प्रत्येक समितीला आग्रहाने सुचवतो. इतिहासाच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्याला खरा प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ, विद्यापीठाच्या स्थापनेनंतर पहिल्या अभ्यासकेंद्रांना मान्यता देताना कोणत्या अटी घातल्या गेल्या. आणि अभिलेखपालांना न विचारता केवळ सूचीच्या आधारे त्याला ती नस्ती मिळते का ते पाहावे. सापडली, तर सूची काम करते. फक्त अभिलेखपालांनाच सापडली, तर ज्ञान माणसाच्या डोक्यात अडकले आहे आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर ते जाईल. ही गोष्ट अहवालात सौम्य पण स्पष्ट शब्दांत यायला हवी.

दुसरी गोष्ट नाशाची नोंदवही. कोणते कागद ठेवायचे आणि कोणते नष्ट करायचे हा अभिलेखपालाचा सर्वांत जोखमीचा निर्णय असतो, कारण तो फिरवता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नंतर शासकीय अभिलेख मन मानेल तसे रद्दीत काढता येत नाहीत, आणि विद्यापीठानेही हीच शिस्त पाळावी असे माझे ठाम मत आहे. काय नष्ट केले, कोणाच्या मंजुरीने, कोणत्या कारणाने, हे वर्षानुसार लिहिलेले असेल तर माणूस विचार करून काम करतो आहे. कार्यालयांनी जागा मोकळी करण्याचा तगादा लावला असताना अभिलेखपालांनी लेखी नकार दिला असेल, तर तो नकार स्वयंमूल्यमापनात नोंदवायला त्यांना सांगावे. एरवी तसे काम कधीच दिसत नाही. नैसर्गिक आपत्तीची तयारी, पावसाळ्यातील आर्द्रतेच्या रोजच्या नोंदी आणि ईमेलवरच घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचे जतन हेही पाहावे, पण त्यासाठी साधने कोणी पुरवायची होती ते आधी विचारावे.

तिसरी गोष्ट विश्वास. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटी येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्या खाजगी मालकीच्या आहेत, रोजच्या व्यवसायात वापरात आहेत, आणि त्यांत हयात माणसांची माहिती आहे. अशा घराशी अभिलेखपाल दोन-तीन वर्षे संबंध राखतो, वह्या कशा जपाव्यात ते सांगतो, आणि प्रती काढायला परवानगी नसेल तर काढत नाही. कोणत्याही एका वर्षाच्या अहवालात याचे फळ दिसणार नाही. म्हणून अभिलेखपालांचे वार्षिक मूल्यमापन करताना मागील तीन वर्षांचा कामाचा आराखडा समोर ठेवावा आणि प्रगती त्याच्याशी जुळवून पाहावी. गोपनीयतेमुळे एखाद्या संशोधकाला कागद नाकारला गेला असेल आणि त्याने तक्रार केली असेल, तर ती तक्रार विरोधात धरण्यापूर्वी नियम वाचावा.

हे सगळे तपासणार कोण, हा रास्त प्रश्न आहे. आवारात या विषयाचा जाणकार बहुधा मूल्यमापन ज्याचे व्हायचे तोच एकटा असतो. त्यामुळे एक बाहेरचा तज्ज्ञ घ्यावाच, आणि ग्रंथपालांसाठी ग्रंथपाल व अभिलेखपालांसाठी अभिलेखपाल असा वेगवेगळा घ्यावा. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, जुनी महाविद्यालयीन ग्रंथालये आहेत, पुण्यात विद्यापीठाचे ग्रंथालय असलेले जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे. माणूस मिळत नाही ही सबब टिकणारी नाही. वाचकांचे अभिप्राय जरूर घ्यावेत, पण ‘सेवा आवडली का’ असे विचारू नये. ‘गेल्या सहामाहीत काय मागितले, ते मिळाले का, किती दिवसांत’ असे विचारावे, म्हणजे उत्तरात तपशील येतो आणि स्वभावावरची टीका येत नाही.

परिस्थितीची नोंद अहवालाच्या पहिल्याच पानावर असावी: मंजूर पदे किती, भरलेली किती, किती दिवस परीक्षेच्या, प्रवेशाच्या किंवा मूल्यांकनाच्या कामाला माणूस उचलला गेला. परिचराचे पद रिक्त असताना जो सहायक ग्रंथपाल स्वतः पुस्तके कपाटात लावतो, त्याने संदर्भसेवेत कमी वेळ दिला हा त्याचा दोष लिहिता येत नाही. शेराही नेमका असावा. ‘काम समाधानकारक’ याने कोणाचेच भले होत नाही. ‘कुलसचिव कार्यालयाच्या नस्त्यांची सूची वापरण्याजोगी आहे, मात्र नस्त्यांच्या कालावधीची नोंद अनेक ठिकाणी सुटली असून ती मार्चपर्यंत पुरी करावी’ असा शेरा वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचे ते सांगतो. आणि शेरा चांगला असो वा वाईट, तो संबंधितांना लेखी कळवावाच. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय सेवेतील कर्मचाऱ्याला गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कळवली गेली पाहिजे असे म्हटले आहे, कारण ‘चांगला’ हा शेरासुद्धा पदोन्नतीच्या आड येऊ शकतो. त्यावर उत्तर द्यायला पुरेसे दिवस द्यावेत आणि ते उत्तर अहवालालाच जोडावे.

आपल्या समितीचे हे पहिलेच वर्ष असल्याने एक व्यावहारिक सूचना करतो. यंदा सहायक ग्रंथपालांसाठी आयोगाचा तक्ता भरा आणि त्याला कामाच्या नमुन्यांची पुरवणी जोडा. अभिलेखपालांना मात्र यंदा कोणतीही प्रतवारी देऊ नका, कारण ज्या निकषांची त्यांना वर्षारंभी कल्पना नव्हती त्यांवर त्यांना तोलणे योग्य नाही. त्याऐवजी त्यांच्यासोबत बसून तीन वर्षांचा आराखडा लिहून घ्या, त्यावर त्यांच्या आणि समितीच्या सह्या करा, डिसेंबरमध्ये एकदा त्याच आराखड्यावर बोला आणि प्रतवारी पुढच्या वर्षापासून सुरू करा.